मंगळवारी सापडलेल्या मुलीची नात

माझी नणंद मोरिसेत लिजरों हिने आयुष्यभर लोकांचे केस कापले. दुकान कधी थाटलं नाही. एक पांढरी गाडी होती, तिच्यात खुर्ची, आरसा, कात्र्या आणि टॉवेलांची चळत घेऊन ती फ्रान्समधल्या मोर्वांच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरायची. म्हाताऱ्यांना घराबाहेर पडायची गरज नाही, मोरिसेत दारात येणार. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, एवढ्या पुरुषांची डोकी पाहिलीत, पुरे झालं.

केस कापून घेताना माणसं बोलतात. मान खाली असते, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे पाद्र्यापुढे येत नाही ते तिथे तोंडून येतं. कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं, कुणाचा थोरला नेमका कुणासारखा दिसतो, बांधावरून कुणाचे आजोबा भांडले होते, सगळ्या पंचक्रोशीची घराणी मोरिसेतच्या डोक्यात होती. तिच्या स्वतःच्या बापाचं घराणं मात्र आजीपाशी येऊन थांबायचं.

आजीचं नाव एलाली मार्दी. मार्दी म्हणजे मंगळवार, ते काही आडनाव नव्हे. शाळेत पोरं मोरिसेतला विचारायची, तुझी आजी मंगळवार, तर मग आजोबा बुधवार का? आजी पॅरिसच्या अनाथालयातून आलेली. त्या काळी आमच्या बायकांचं दूध हाच इथला मोठा धंदा होता. अनाथालय तान्ही बाळं आगगाडीनं पाठवायचं, आमच्या बायका त्यांना पाजून वाढवायच्या आणि महिन्याला पैसे घ्यायच्या. त्यांना सगळे 'पॅरिसची पोरं' म्हणत. जी जगली ती इथेच गुरं राखून मोठी झाली, इथेच लग्न करून राहिली. एलालीला वरच्या वाडीतल्या फिलोमेन कुर्तपेनं वाढवलं, आणि पुढे ती खालच्या वाडीतल्या लिजरोंच्या घरात दिली. तिचा मुलगा म्हणजे माझे सासरे.

फिलोमेनची पणती गिलेन अजून वरच्या वाडीतच राहते. ती आणि मोरिसेत एका वर्गात होत्या. रक्ताचं नातं नाही, पण दोघी एकमेकींना बहिणी म्हणवून घ्यायच्या, कारण एकीच्या आजीला दुसरीच्या पणजीचं दूध मिळालं होतं. गिलेनच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक चौकट आहे. फिलोमेनला उत्तम दूधआई म्हणून मिळालेलं प्रशस्तिपत्र. त्या चौकटीवर गिलेन माशी बसू देत नाही.

खांदा निकामी झाला तेव्हा मोरिसेतनं कात्री ठेवली. रिकामपण तिला सोसवेना. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे रेजीनं, मुलाचा जुना संगणक तिच्याकडे नेऊन दिला आणि वाचनालयातल्या बाईंनी तिला दाखवलं, की जिल्ह्याच्या अभिलेखागारानं गावोगावचे जन्ममृत्यूचे जुन्या दफ्तरांचे फोटो काढून संगणकावर ठेवलेत, कुणीही घरबसल्या पाहावेत. मोरिसेत पहिल्या दिवशी तासभर बसली. महिन्याभरात तिला उठवणं कठीण झालं.

आईच्या बाजूनं ती भराभर मागे गेली. नेपोलियनच्या आधी, क्रांतीच्या आधी, थेट राजेशाहीच्या दिवसांपर्यंत. लाकूडतोडे, नदीतून लाकडाचे तराफे नेणारे, कुळवाडी, एक चोरटी दारू विकणारा. दफ्तर लिहिणाऱ्या जुन्या पाद्र्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढावेत तसं. तिनं ते एकेक अक्षर लावत वाचायला शिकून घेतलं. रविवारी आमच्याकडे जेवायला आली की बेकनची धिरडी ताटात गार व्हायची आणि ही कुठल्या तरी तीनशे वर्षांपूर्वीच्या विधवेची हकिगत सांगत बसायची, जशी काही ती परवाच भेटली होती.

बापाच्या बाजूनं मात्र भिंत. एलालीच्या लग्नाच्या नोंदीत लिहिलं होतं, पॅरिसमध्ये जन्म, पिता अज्ञात, माता अज्ञात. मोरिसेतनं पॅरिसचं दफ्तर शोधलं. तिथे एक पान सापडलं. चार-पाच दिवसांची मुलगी, एका चर्चच्या दारात, तपकिरी लोकरी शालीत गुंडाळलेली. सोबत चिठ्ठी नाही, खूण नाही. वार मंगळवार. खाली कारकुनाची सही. बस, एवढंच.

रेजी तिची समजूत घालायला म्हणाला, काय सांगावं, आपले पणजोबा कुणी सरदारही असतील. मी म्हटलं, किंवा सरदाराच्या घोड्याची लीद काढणारा. एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. आमच्या मुलानं सुचवलं की परदेशात थुंकी पाठवली की ते रक्ताचे नातलग शोधून देतात. ती म्हणाली, "माझी थुंकी माझ्या तोंडात बरी आहे." पण तो सगळा हिवाळा तिचा चेहरा उतरलेलाच होता. मला एकदा म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्यांची मुळं ऐकली, वाटलं होतं आपलीही कुठे तरी पडली असतील, उचलून आणू.

मग तिनं जे केलं त्यामागे काही मोठा बेत नव्हता. आजी लहान असताना गावात कोण कोण होतं ते तरी बघू, म्हणून तिनं आमच्याच गावाचं, शोमोतचं, त्या वर्षांचं मृत्यूचं दफ्तर उघडलं. पहिल्याच पानावर एक नोंद. पॅरिसच्या अनाथालयातलं मूल, वय तीन महिने, अमक्या दूधआईच्या घरी मरण पावलं. पुढच्या पानावर आणखी एक. मग आणखी. पानं उलटत गेली तशी ती उलटायची थांबली आणि परत पहिल्यापासून नावं टिपायला लागली.

गावात सगळ्यांना हे मोघम ठाऊक होतं. लहानपणी आम्हीही ऐकलं होतं, की पॅरिसची पोरं फार मरायची. पण असं ऐकणं वेगळं आणि नाव वाचणं वेगळं. ज्यूल फेव्रिए. मारी लापोर्त. ओगुस्त सामदी. कुणाला फेब्रुवारी महिन्याचं आडनाव, कुणाला दाराचं, कुणाला शनिवारचं. दफनभूमीत त्यांचा एक दगड नाही. उत्तरेच्या भिंतीलगत पुरायचे, असं म्हाताऱ्या सांगायच्या, तिथे आता नुसतं गवत आहे.

मोरिसेत गावच्या मेयरबाईंकडे गेली. म्हणाली, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळे आपापल्या थडग्यांवर शेवंत्या घेऊन जातात, त्या दिवशी या मुलांची नावं एकदा मोठ्यानं वाचावीत. मेयरबाईंना कल्पना पसंत पडली. त्यांनी यादी छापून गावकचेरीच्या फलकावर लावली, कुणाला चूक आढळली तर सांगावी म्हणून. मोरिसेतनं यादी जशी केली होती तशीच लागली. नाव, वय, आणि कुणाच्या घरी मरण पावलं ते.

दुसऱ्या दिवशी मी अंडी द्यायला मोरिसेतकडे गेले होते. गिलेन दार न ठोठावता आत आली. कोट काढला नाही, बसली नाही.

"एकाच हिवाळ्यात चार," ती म्हणाली. "फिलोमेन कुर्तपेच्या घरी, फिलोमेन कुर्तपेच्या घरी, चारदा लिहिलंयस. अख्ख्या गावानं वाचलं. बेकरीत माझ्यापुढे उभी असलेली बाई वळून माझ्याकडे बघत होती."

मोरिसेत म्हणाली, "दफ्तरात आहे तेच लिहिलंय गं."

"तुझी आजी त्याच घरात जगली. जगली म्हणून तू आहेस. आणि तू माझ्या पणजीला पोरं मारणारी ठरवून भिंतीवर टांगलंस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला आधी विचारायचंस तरी."

गिलेन निघून गेली. दार मात्र तिनं हळूच लावलं, आणि मला ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

गावात दोन तट पडले. काही म्हणत, खरं ते खरं, कित्येक बायका पैशासाठी तीन-तीन बाळं घ्यायच्या आणि दुधात पाणी घालायच्या. काही म्हणत, आता ते उकरून काय मिळणार. कॅफेत एका म्हाताऱ्यानं रेजीला ऐकवलं, तुझ्या बहिणीला स्वतःचे पूर्वज सापडले नाहीत म्हणून ती आमच्यांची हाडं चघळतेय. रेजी ख्रिसमसची झाडं लावतो, शांत माणूस आहे, पण त्या दिवशी पेला अर्धा ठेवून घरी आला. मोरिसेतनं मेयरबाईंना सांगून यादी काढून घेतली. त्या नोव्हेंबरात नावं वाचली गेली नाहीत. आम्ही आमच्या थडग्यांवर शेवंत्या ठेवल्या आणि परतलो. फाटकाशी गिलेन समोरून आली, मोरिसेतनं मान हलवली, गिलेन तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत निघून गेली. साठ वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं, आता हिचं हे वेड सुटेल. सुटलं नाही, उलट वळण घेतलं. ती मला म्हणाली, मी अर्धंच वाचलं, अर्लेत. मी फक्त पॅरिसची पोरं शोधत होते, बाकीच्या नोंदी नजरेआड करत होते. आता ती त्याच हिवाळ्याचं दफ्तर पुन्हा घेऊन बसली, पण या वेळी प्रत्येक नोंद वाचू लागली. म्हातारे, बाळंतिणी, झाडाखाली सापडलेला लाकूडतोड्या, सगळे. शेजारच्या गावांची दफ्तरंही उघडली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की त्या डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच गावांत लहान मुलं मेली होती, घरची आणि पॅरिसची दोन्ही. मरणाचं कारण त्या नोंदींत लिहीत नसत. पण गावसभेच्या जुन्या ठरावांत एक ओळ मिळाली, घशाच्या रोगामुळे शाळा बंद ठेवली आहे.

आणि फिलोमेनच्या घरच्या चौथ्या बाळानंतर दुसऱ्याच पानावर ती नोंद होती, जी तिच्या डोळ्यांसमोरून आधी अनेकदा सरकली होती. सेलेस्तँ कुर्तपे, वय दोन वर्षं, फिलोमेन आणि तिच्या नवऱ्याचा मुलगा. अनाथालयाच्या चारही बाळांची वर्दी द्यायला फिलोमेनचा नवरा स्वतः गावकचेरीत आला होता, वेडीवाकडी सही करून गेला होता. स्वतःच्या मुलाची वर्दी शेजाऱ्यानं दिली होती.

मोरिसेतनं मला बोलावून ते पान दाखवलं. मी म्हटलं, छापून घे आणि नेऊन दे गिलेनला. तिनं मान हलवली. "पुन्हा कागद नाही नेणार. एकदा कागदानंच घोटाळा केला." ती वरच्या वाडीवर चालत गेली. काय बोलली ते तिनंच नंतर सांगितलं. दारातच उभं राहून म्हणाली, मी चुकले, तुला विचारायला हवं होतं. तुझ्या घरातलं एक माणूस मला दफ्तरात दिसलंय. मी तुला काही सांगणार नाही, तू येऊन स्वतः वाच. नाही आलीस तरी मी समजेन.

गिलेन आठवडाभर आली नाही. मग एका दुपारी आली. मी तिथेच होते, मुद्दाम होते असं म्हणा. तिचे केस कुणी तरी शहरातल्या सलूनमध्ये कापले होते आणि एका कानावर जास्तच उडवले होते. मोरिसेतनं ते पाहिलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिच्या स्वभावाच्या मानानं ही मोठी गोष्ट होती.

गिलेन चष्मा लावून पडद्यासमोर बसली. जुनं अक्षर तिला लागेना. मोरिसेत बोट ठेवून एकेक शब्द दाखवत होती, पण वाचून देत नव्हती. चार बाळांच्या नोंदी वाचून झाल्या. मग पुढचं पान. गिलेननं आडनाव ओळखलं आणि नाव मात्र दोनदा वाचलं.

"सेलेस्तँ," ती म्हणाली. तिनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "माझा भाऊ जन्मला तेव्हा बाबांना हेच नाव ठेवायचं होतं. माझ्या आजीनं टेबलावर हात आपटला. या घरात हे नाव नको म्हणाली. का ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आजी म्हणजे फिलोमेनची मुलगी. हा गेला तेव्हा ती असेल सातेक वर्षांची."

"म्हणजे तिनं पाहिलं असणार," मोरिसेत म्हणाली.

"पाचांना जाताना पाहिलं असणार."

मी कॉफी ठेवायला उठले, कारण काही तरी करायला हवं होतं. मागून गिलेनचा आवाज आला. ती विचारत होती, एलाली त्या वेळी कुठे होती? मोरिसेत म्हणाली, त्याच घरात. तीन वर्षांची. गिलेननं विचारलं, मग ती कशी वाचली? मोरिसेत म्हणाली, ते दफ्तरात नाही. पण घरात एवढी आजारपणं चालू असताना तीन वर्षांच्या पोरीला कुणी तरी भरवलं असणार, शेकलं असणार. ज्या बाईनं माझ्या आजीला शालीत गुंडाळून ठेवलं, तिचं नाव मला कधी कळायचं नाही, हे मी आता मान्य केलंय. पण या दुसऱ्या बाईचं नाव मला जन्मापासून ठाऊक होतं, आणि मी तिला घराण्यात धरलंच नव्हतं.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण गिलेन तशी बाई नाही. कॉफी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, नंतर काय झालं, फिलोमेननं पुन्हा बाळं घेतली का? मोरिसेतला ते माहीत होतं. तिनं सांगितलं, हो, त्याच वसंतात दोन. पुढच्या वर्षी त्यातलं एक गेलं, माझी पहिली यादी त्याच्या आधीच थांबली होती. गिलेन खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, छप्पर त्याच सुमाराला घातलंय आमचं. आधी गवताचं होतं, मग स्लेटच्या दगडाचं. आजी नेहमी सांगायची, आमचं छप्पर दुधाचं आहे. मला वाटायचं गाईच्या.

फिलोमेनला दोष द्यावा की हात जोडावेत हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. दूध विकलं नसतं तर घरची पोरं उपाशी राहिली असती. विकलं म्हणून दुसऱ्यांची घरात आली, आणि तान्ह्यांच्या गर्दीत रोग शिरला की तो कुणाचं मूल ते विचारत नाही.

यादी परत लावायची सूचना गिलेननंच केली. मोरिसेत घरांची नावं गाळायला तयार होती. गिलेन म्हणाली, गाळायची नाहीत, आमचंही नाही. पण मग आमची पोरंही लिही. जिचं दूध परक्याला गेलं तिची स्वतःची किती पोरं गेली तेही लोकांना दिसू दे. त्यानंतर दोघींनी मिळून जवळजवळ वर्षभर काम केलं. आपली तान्ही मागे ठेवून पॅरिसच्या श्रीमंत घरी पाजायला गेलेल्या बायकाही सापडल्या, आणि मागे राहिलेल्या त्या तान्ह्यांच्या नोंदीही. या खेपेला त्या दोघी प्रत्येक घरी आधी जाऊन सांगून आल्या. एका घरानं तोंडावर दार लावलं. त्या घराचं नाव दोघींनी गाळलं, मुलांची नावं ठेवली. कॅफेतल्या त्या म्हाताऱ्यानं दोघींना आत बोलावून वाइन पाजली आणि आपल्या आजीच्या दोन बहिणी त्या यादीत आहेत हे कळल्यावर टोपी काढून बसला.

नोव्हेंबरात भिंतीलगतचं गवत कापलं होतं. थंडी होती, पाऊस नव्हता. मेयरबाई दोन वाक्यं बोलून बाजूला झाल्या. गावातल्या लोकांनी पाळीपाळीनं नावं वाचली, सगळी वाचायला बराच वेळ लागला आणि कुणी मध्येच निघून गेलं नाही. गिलेननं आपल्या घरची वाचली, पाच परकी आणि एक आपलं, एका दमात, त्यांच्यात फरक न करता. मोरिसेतनं काही वाचलं नाही. ती रेजीच्या शेजारी उभी होती. नावं संपल्यावर रेजीनं तिचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला, लहान असताना घ्यायचा तसा.

ही बातमी कुठल्याशा वर्तमानपत्रात आली आणि मग दूरदूरची माणसं मोरिसेतला लिहायला लागली. आता ती रोज दुपारी इतरांचे पूर्वज शोधते. गिलेन तिच्या शेजारी बसते आणि पाद्र्यांच्या अक्षरावरून तिच्याशी वाद घालते. एलालीच्या वर अजूनही रिकामी जागाच आहे. मोरिसेतनं भिंतीवर घराण्याचा वृक्ष काढलाय, त्यात त्या जागी तिनं काहीच लिहिलेलं नाही. बाजूला फिलोमेनचं नाव आहे, शाईनं.

गेल्या उन्हाळ्यात लियों शहराहून एक निवृत्त ट्रामचालक आला. त्याच्या आजोबांबरोबर त्यांची धाकटी बहीणही अनाथालयात गेली होती, मग दोघांची ताटातूट झाली, आणि आजोबा मरेपर्यंत तिला शोधत राहिले. ती आमच्या यादीत होती. वय आठ महिने. मोरिसेत त्याला दफनभूमीत घेऊन गेली, मीही बरोबर गेले. त्यानं विचारलं, नेमकी कुठे? मोरिसेत म्हणाली, नेमकी जागा मला माहीत नाही, कुणालाच नाही. या भिंतीच्या बाजूला, एवढंच सांगता येईल.

त्यानं मान हलवली. मग तो भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेला आणि तसाच परत आला, ती जिथे कुठे असेल तिथून आपण गेलेलो असू म्हणून. आमच्याजवळ आल्यावर त्यानं विचारलं, इथे जेवायला कुठे मिळेल. मोरिसेत म्हणाली, आज सोमवार, सगळं बंद. घरी चला.